‘जमेल तसे करते’: फिजिओथेरपीत रुग्णाची उमेद का ओसरते आणि ती कशी टिकवता येते

फिजिओथेरपीच्या खोलीत एक संवाद रोज घडतो. गुडघ्याचा सांधा बदलून पाच आठवडे झालेल्या एक बाई खुर्चीत बसलेल्या असतात. त्यांच्या हातात आठ व्यायामांची चित्रे छापलेला, चार घड्या पडलेला कागद असतो. थेरपिस्ट विचारतो, “काकू, घरी व्यायाम होतात ना?” त्या म्हणतात, “हो, जमेल तसे करते.” थेरपिस्ट मान डोलावतो, नोंदीत खूण करतो आणि गुडघा वाकवायला घेतो. प्रश्नातल्या ‘ना’मध्येच अपेक्षित उत्तर दडलेले होते, आणि ‘जमेल तसे’ म्हणून बाईंनी ते दिले. दोघांचीही वेळ निभावली. त्या आठवड्यात नेमके काय झाले, कोणता व्यायाम झाला, कोणता राहिला आणि का राहिला, हे मात्र खोलीतल्या कोणालाच कळले नाही.

फिजिओथेरपी ज्या माहितीवर चालते ती माहिती या दोन शब्दांमागे अडकून पडते, म्हणून सुरुवात इथून केली. गोळी घेणाऱ्याचे मन गोळीत नसले तरी गोळी पोटात गेल्यावर आपले काम करते. व्यायामाचे तसे नाही. थेरपिस्टकडे आठवड्यातून दोनदा पाऊण पाऊण तास गेले तरी आठवड्याच्या १६८ तासांपैकी १६६ तासांहून अधिक वेळ रुग्ण स्वतःच्याच हवाली असतो, आणि सांधा मोकळा होणे, स्नायूत बळ येणे, तोल सावरणे ही कामे बहुतांशी त्या उरलेल्या तासांतच होतात किंवा राहून जातात. दीर्घकाळ चालणाऱ्या उपचारांत माणसे कितपत टिकतात यावर जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली एक अहवाल प्रसिद्ध केला होता. विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांत सांगितलेले उपचार नीट पाळणाऱ्यांचे प्रमाण सरासरी ५० टक्क्यांच्या आसपासच असते, असे त्यात म्हटले आहे. त्याच अहवालात उपचार सुटण्याच्या कारणांचे पाच गट केलेले आहेत: सामाजिक आणि आर्थिक परिस्थिती, आरोग्यव्यवस्था आणि तिथली माणसे, आजाराचे स्वरूप, उपचाराचे स्वरूप, आणि रुग्ण स्वतः. पाचांतला एकच गट रुग्णाच्या स्वभावाशी आणि समजुतीशी संबंधित आहे. तरीही व्यायाम झाले नाहीत की आपले बोट सर्वांत आधी त्याच्याकडेच वळते.

आळस हे निदान नव्हे

‘पेशंट आळशी आहे’ हे वाक्य सोयीचे असते, कारण ते उच्चारल्यावर पुढे विचारण्यासारखे काही उरत नाही. माझ्या मते ते जवळजवळ नेहमीच चुकीचे असते. जी बाई पाच आठवड्यांपूर्वी एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेला सामोरी गेली, तिला पाय उचलायचा कंटाळा येतो असे म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. १९९३ साली नेदरलँड्समध्ये स्लाऊस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिजिओथेरपीतील व्यायाम का सुटतात याचा अभ्यास केला, तेव्हा तीन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या: रुग्णाला जाणवणाऱ्या अडचणी, केलेल्या प्रयत्नांची कोणी दखल न घेणे, आणि ‘माझ्या हातात काही नाही’ ही हतबलतेची भावना. यातली दुसरी गोष्ट तर पूर्णपणे थेरपिस्टच्या हातातली आहे. पुढे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यातही अशीच कारणे दिसली: स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास कमी असणे, नैराश्य, चिंता, घरच्यांचा आधार नसणे, आणि व्यायाम करताना वाढणारे दुखणे. या यादीत आळस कुठेच नाही.

उमेद हा काही माणसागणिक जन्मजात ठरलेला साठा नसतो, की एखाद्याकडे तो भरपूर आहे आणि दुसऱ्याकडे मुळातच नाही. तोच माणूस एका उपचारात चिकाटीने टिकतो आणि दुसरा उपचार अर्ध्यावर सोडतो. फरक पडतो तो त्याला सांगितलेले काम आणि त्याचे जगणे यांचा मेळ बसतो की नाही याने. हा मेळ कुठे बिघडतो ते पाहायचे, तर सुरुवात शरीरापासूनच करावी लागते.

शरीराचे वेळापत्रक रुग्णाला कोणी सांगत नाही

प्रयत्न आज करायचा आणि फळ काही महिन्यांनी मिळायचे, ही व्यायामोपचाराची मूळ अडचण आहे. स्नायूचेच पाहा. बळ वाढवण्याचा व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते, ती मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतू त्या स्नायूला अधिक चांगले कामाला लावायला शिकतात म्हणून वाढते. स्नायू स्वतः डोळ्यांना दिसेल इतका भरायला त्यानंतरही बरेच आठवडे जावे लागतात. रोज आरशात मांडीकडे पाहणाऱ्या माणसाला तिसऱ्या आठवड्यात वाटते की काहीच फरक नाही, आणि नेमकी त्याच वेळी आतली ताकद वाढत असते. त्यात गुडघ्यात सूज असेल तर मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा आदेशच क्षीण होतो. रुग्ण जीव तोडून पाय ताणतो, पण स्नायू जणू ऐकतच नाही. हे सुजेमुळे घडते आहे आणि सूज उतरली की सुधारणार आहे, असे आधी सांगितलेले नसेल तर माणूस ‘माझ्यात दमच उरला नाही’ असा अर्थ काढतो.

इतर ऊती तर आणखी सावकाश चालतात. टाचेमागच्या जाड कंडरेच्या जुनाट दुखण्यासाठी आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली जो व्यायामक्रम मांडला, त्यात दोन प्रकारचे व्यायाम, प्रत्येकी १५ वेळा असे ३ संच, दिवसातून दोनदा, सातही दिवस आणि १२ आठवडे करायचे होते; म्हणजे रोज १८० वेळा टाच खाली न्यायची, आणि तीही थोडे दुखत असताना. आखडलेला खांदा मोकळा व्हायला पुष्कळदा एक ते तीन वर्षे लागतात. चार दिवसांत गुण येईल या आशेने आलेला माणूस अशा वाटेवर दुसऱ्या आठवड्यात थांबला, तर त्यात नवल ते काय? त्याची उमेद कमी नव्हती, ती चुकीच्या मुदतीला बांधलेली होती.

याच्या उलटही घडते आणि ते अधिक फसवे असते. गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध तुटून त्याची पुनर्रचना केलेल्या तरुण खेळाडूला चौथ्या-पाचव्या महिन्यात गुडघा ठणठणीत वाटू लागतो. दुखणे नाही, सूज नाही, धावता येते. मग व्यायाम कशाला? पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील अभ्यासात असे दिसले की, शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणे जितके लांबवले, त्यातल्या प्रत्येक महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांनी घटले. इथे उमेद ओसरते ती बरे वाटल्यामुळे. पाठदुखीतही असेच होते: दुखणे आधी जाते, बळ नंतर येते, आणि मधल्या काळात व्यायाम सुटतात. दुखणे थांबणे हीच उपचाराची सांगता आहे, असे रुग्णाने धरून चालू नये यासाठी ही दोन टोके त्याला पहिल्याच भेटीत वेगळी करून दाखवावी लागतात.

म्हणून पहिल्या दिवसाची दहा मिनिटे वेळापत्रकाला द्यावीत असे मला मनापासून वाटते. कोणत्या आठवड्यात काय बदलेल, कोणत्या आठवड्यात काहीच बदलल्यासारखे वाटणार नाही, आणि मध्येच एखादा दिवस मागे गेल्यासारखा का वाटेल, हे आधी सांगितले की तोच वाईट दिवस अपेक्षेप्रमाणे आलेला दिवस ठरतो. न सांगता आला, तर तो अपयश ठरतो.

दुखणे आणि त्यापेक्षा मोठी भीती

व्यायाम टाळण्यामागे पुष्कळदा भीती असते आणि ती बोलून दाखवली जात नाही. व्ह्लायेन आणि लिंटन यांनी २००० साली या भीतीचे चक्र सविस्तर मांडले. दुखते, माणूस त्याचा अर्थ ‘आत काहीतरी बिघडते आहे’ असा घेतो, मग तो हालचाल टाळतो, हालचाल टाळल्याने स्नायू दुबळे होतात, सांधा आखडतो, मन खचते, आणि मग थोड्याशा हालचालीनेही अधिक दुखते. पहिल्या समजुतीला पुरावा मिळाला असे त्याला वाटते आणि चक्र पुन्हा फिरते.

या चक्राला पहिला धक्का पुष्कळदा वैद्यकीय शब्दांनीच दिलेला असतो. ‘मणका झिजला आहे’, ‘गादी सरकली आहे’, ‘हाडावर हाड घासते आहे’ ही वाक्ये बोलणारा विसरून जातो, ऐकणारा वर्षानुवर्षे अंगावर वागवतो. ज्याला आपला मणका झिजल्याचे सांगितले आहे, तो वाकण्याचा व्यायाम मोकळ्या मनाने कसा करील? वास्तविक, पाठ अजिबात दुखत नसलेल्या माणसांच्या तपासण्यांचा २०१५ साली जो मोठा आढावा घेतला गेला, त्यात मणक्यांमधल्या चकत्यांची झीज विशीतल्या सुमारे ३७ टक्के आणि ऐंशीतल्या सुमारे ९६ टक्के लोकांत दिसून आली होती. वयाबरोबर केस पांढरे व्हावेत तसे हे बदल असतात, आणि तपासणीच्या चित्रात झीज दिसली म्हणजे दुखण्याचे मूळ तिथेच आहे असे नव्हे. हे वाक्य रुग्णाला नीट समजले तर त्याचा परिणाम एखाद्या चांगल्या व्यायामाइतका होतो, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही.

पण ‘घाबरू नका’ एवढे म्हणून भीती जात नाही. तिला मोजमाप द्यावे लागते. अनेक थेरपिस्ट एक ढोबळ नियम वापरतात: शून्य ते दहाच्या मापावर दुखणे सोसवेल इतकेच राहत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पहिल्या पातळीवर परत येत असेल, तर व्यायाम चालू ठेवावा, दुसऱ्या दिवशीही ते वाढलेलेच असेल, तर व्यायाम बंद न करता त्याचे प्रमाण कमी करावे. नेमका आकडा आजारानुसार ठरतो आणि तो थेरपिस्टनेच सांगायचा असतो. त्याबरोबरच थांबण्याची खरी कारणेही स्पष्ट सांगितली पाहिजेत. पोटरी अचानक सुजून दुखू लागणे, छातीत दुखणे किंवा दम लागणे, ताप येऊन सांधा लाल व गरम होणे, पायातली ताकद किंवा संवेदना जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, यांपैकी काही झाले तर व्यायाम बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना गाठायचे असते. कोणत्या दुखण्याला घाबरायचे हे पक्के कळले की बाकीच्या दुखण्याला घाबरण्याचे कारण उरत नाही.

गुडघ्याचे अंश आणि वरच्या मजल्यावरची खोली

आता त्या बाईंकडे परत जाऊ. नोंदीत त्यांचे ध्येय लिहिलेले आहे: ‘गुडघा ११० अंश वाकणे’. हे ध्येय थेरपिस्टचे आहे. बाईंना अंश म्हणजे काय ते ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. थेरपिस्टने कोनमापक बाजूला ठेवून विचारले, “काकू, गुडघा बरा झाला की सगळ्यात आधी काय कराल?” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “वर जाईन.” “वर काय आहे?” “माझी खोली. ऑपरेशन झाल्यापासून खालीच झोपते आहे. माणसांच्या येण्याजाण्यात झोप लागत नाही.”

या दोन उत्तरांनी उपचाराचा पाया बदलतो. सपाट जमिनीवर चालताना गुडघा साधारण ६० ते ७० अंश वाकतो, जिना चढता-उतरताना सुमारे ८० ते १०० अंश, आणि खुर्चीतून उठताना ९० अंशांच्या आसपास. बाईंचा गुडघा आज ८० अंशांवर आहे. आता त्याच कोनमापकाने मोजलेले पुढचे दहा-पंधरा अंश त्यांच्या दृष्टीने जिन्याच्या पायऱ्या झाले. तेच व्यायाम, तोच गुडघा, पण आता प्रत्येक वाकवण्याला दिशा आहे.

रुग्णाचे ध्येय रुग्णाच्याच शब्दांत टिपण्याची एक साधी पद्धत स्ट्रॅटफर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली मांडली. दुखण्यामुळे अवघड झालेली तीन ते पाच कामे रुग्णानेच सांगायची आणि प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायचे. शून्य म्हणजे अजिबात करता येत नाही, दहा म्हणजे पूर्वीसारखे करता येते. कोणाचे काम केस विंचरणे असते, कोणाचे लहान मूल उचलून घेणे, कोणाचे तासभर खुर्चीत बसून काम करणे. दोन-तीन आठवड्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. ‘बरे वाटते का?’ या प्रश्नाला माणूस त्या सकाळच्या दुखण्यावरून उत्तर देतो. ‘जिना, मागच्या वेळी दोन गुण दिले होते, आज किती?’ असे विचारले की त्याला मागचा आणि आजचा दिवस शेजारी ठेवून पाहता येतात. सावकाश होणारी सुधारणा स्वतःच्या नजरेला दिसत नाही, म्हणून ती मोजून दाखवावी लागते. अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता आले, सहा मिनिटांत किती अंतर चालता आले, अशा साध्या चाचण्यांचाही तोच उपयोग आहे.

आठ व्यायाम कशासाठी?

घडी पडलेल्या कागदाकडे आता जरा कठोरपणे पाहिले पाहिजे. काही राहून जाऊ नये या सद्भावनेनेच थेरपिस्ट आठ व्यायाम देतो. पण १९९९ साली ६५ वर्षांवरील लोकांवर केलेल्या एका छोट्या अभ्यासात दोन, पाच आणि आठ व्यायाम दिलेल्या गटांची तुलना झाली, तेव्हा दोन व्यायाम दिलेल्यांनी ते आठ व्यायाम दिलेल्यांपेक्षा अधिक चांगले करून दाखवले. अभ्यास लहान होता, तरी त्यातली गोष्ट रोजच्या अनुभवाला धरून आहे. आठ व्यायाम म्हणजे चाळीस-पन्नास मिनिटे. तेवढा सलग वेळ मिळाला नाही की माणूस आठांतले तीन करत नाही, तो आठही सोडतो, कारण अर्धवट केल्याची रुखरुख अजिबात न केल्यापेक्षा जास्त टोचते. दोन किंवा तीन व्यायाम निवडताना थेरपिस्टला खरा विचार करावा लागतो, की या माणसाला या आठवड्यात सर्वांत जास्त गरज कशाची आहे. आठ देताना तो विचार टाळता येतो.

शिवाय दिलेली माहिती डोक्यात किती राहते हाही प्रश्न आहेच. केसेल्स यांनी २००३ साली घेतलेल्या आढाव्यानुसार वैद्यकीय सल्ल्यातला ४० ते ८० टक्के भाग रुग्ण लगेचच विसरतो, आणि लक्षात राहिलेल्यापैकी जवळजवळ निम्मा चुकीचा लक्षात राहतो. घरी जाऊन चित्राकडे पाहणाऱ्या माणसाला टाच टेकवायची की उचलायची हे आठवत नाही. चुकीचे करून नुकसान होईल या धास्तीने तो थांबतो, आणि पुढच्या भेटीत ‘मला आठवलेच नाही’ म्हणायला संकोच वाटतो म्हणून ‘जमेल तसे’ म्हणतो. यावरचा उपाय सोपा आहे आणि त्याला दोन मिनिटे लागतात. ‘समजले ना?’ असे विचारण्याऐवजी थेरपिस्टने म्हणावे, “मी नीट सांगितले की नाही हे मला कळायला हवे, आता हा व्यायाम तुम्ही मला शिकवा.” परीक्षा सांगणाऱ्याची आहे, ऐकणाऱ्याची नाही, हे या वाक्याच्या रचनेतच आहे, म्हणून रुग्ण अवघडत नाही. रुग्णाच्याच फोनवर, त्याच्याच हालचालीचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण करून दिले तर आणखी चांगले.

व्यायाम काय, हे ठरल्यावर ते कधी आणि कुठे हे ठरवायचे असते. हा भाग सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. ‘दिवसातून तीनदा करा’ ही सूचना दिवसभर डोक्यावर टांगून राहते आणि रात्री निजताना आठवते. गोलविट्झर यांनी १९९९ साली मांडलेले सूत्र असे की, इरादा एखाद्या ठरावीक प्रसंगाला बांधला तर तो पार पडण्याची शक्यता वाढते: ‘सकाळी दात घासून झाले की तिथेच उभ्याने टाचा उचलीन’, ‘जेवायला खुर्चीत बसण्याआधी दहा वेळा उठबस करीन’. दात घासणे विसरले जात नाही, म्हणून त्याला जोडलेला व्यायामही विसरला जात नाही. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला किती दिवस लागतात, याचा लंडनमध्ये अभ्यास झाला आणि तो २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण माणसामाणसांत १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. त्याच अभ्यासात एक दिलासा देणारी गोष्टही दिसली: मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा अडथळा येत नाही. एक दिवस खंड पडला म्हणून सगळेच सोडून देणाऱ्या माणसाला हे आवर्जून सांगितले पाहिजे.

बोलण्याची रीत

समोरचा चुकतो आहे असे दिसले की त्याला लगेच सुधारावे असे कोणत्याही उपचार करणाऱ्याला वाटते. ‘व्यायाम केले नाहीत तर गुडघा असाच राहील’ हे वाक्य त्या ऊर्मीतून येते. माणसाच्या मनात मात्र बहुतेक वेळा दोन्ही बाजू हजर असतात: करायला हवे हेही, आणि का जमत नाही हेही. थेरपिस्टने पहिली बाजू जोरात मांडली की रुग्णाला दुसरी बाजू लढवावी लागते, आणि न करण्याची कारणे स्वतःच्या तोंडून सांगता सांगता ती त्याला अधिकच पटू लागतात. विल्यम मिलर यांनी १९८३ साली मांडलेली आणि पुढे स्टीफन रॉलनिक यांच्याबरोबर विस्तारलेली संवादाची पद्धत याच निरीक्षणावर उभी आहे. तिचा गाभा असा, की बदलाची कारणे रुग्णाच्या तोंडून यावीत. ‘का केले नाहीत?’ या प्रश्नाला बचाव हेच उत्तर असते. ‘या आठवड्यात सगळ्यात अवघड काय गेले?’ या प्रश्नाला माहिती मिळते. मग कळते, की दुपारच्या व्यायामाच्या वेळी बाईंची वेदनाशामक गोळी उतरलेली असते, किंवा आधार धरायला भक्कम खुर्चीच नाही, किंवा रात्री झोप नाही, किंवा घरात दुसऱ्या आजारी माणसाचे करता करता स्वतःसाठी वेळ उरत नाही. यातल्या पहिल्या दोन अडचणी पाच मिनिटांत सुटतात. उरलेल्या सुटत नाहीत, पण त्या ठाऊक असतील तर व्यायामाचा आराखडा त्यांच्याभोवती बसवता येतो.

डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या टिकाऊ उमेदीमागे तीन गरजा सांगितल्या आहेत: निर्णयात आपला वाटा असणे, आपल्याला जमते आहे असे जाणवणे, आणि कोणीतरी आपले आहे असे वाटणे. पहिल्या गरजेसाठी मोठे अधिकार द्यावे लागत नाहीत. ‘या दोन व्यायामांतला कोणता आधी करू या?’ एवढे विचारले तरी पुरते, अट इतकीच की उत्तराला मान मिळाला पाहिजे. दुसऱ्या गरजेवर बांडुरा यांनी बरेच काम केले. स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास कशाने वाढतो याचे चार मार्ग त्यांनी १९७७ साली सांगितले: स्वतः यशस्वीपणे करून पाहणे, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहणे, विश्वासू माणसाने धीर देणे, आणि शरीरातल्या धडधडीचा, थकव्याचा अर्थ नीट लावता येणे. यांत सर्वांत प्रबळ मार्ग पहिला. म्हणून भेटीचा शेवट अवघड व्यायामाने करू नये. माणूस खोलीतून बाहेर पडताना त्याने शेवटी केलेली गोष्ट त्याला जमलेली असावी. कौतुकही नेमके हवे. ‘छान’ हा शब्द सगळ्यांनाच मिळतो; ‘मागच्या आठवड्यात उठताना दोन्ही हात टेकवत होतात, आज एकच टेकवलात’ हे वाक्य फक्त त्या माणसाचे असते.

उमेद खचणे हाच आजाराचा भाग असतो तेव्हा

पक्षाघातानंतर व्यायामात रस न दाखवणाऱ्या रुग्णाकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना नैराश्य ग्रासते, आणि काहींच्या मेंदूतल्या इजेमुळेच पुढाकार घेण्याची क्षमता मंदावते. असा माणूस मुद्दाम बसून राहत नाही. उठायचे ठरवणारी यंत्रणाच दुखावलेली असते. त्याला उपदेश करणे म्हणजे मोडलेल्या पायाला चालण्याचा आग्रह करण्यासारखे आहे. इथे नैराश्याची तपासणी आणि उपचार हे व्यायामाइतकेच तातडीचे असतात, आणि सुरुवात बाहेरून करून द्यावी लागते: ठरलेली वेळ, कोणाची तरी सोबत, आणि एका वेळी एकच छोटे काम.

पक्षाघातात आणखी एक गोष्ट घडते. दुबळ्या हाताने दोन-चार वेळा प्रयत्न फसले की माणूस सगळी कामे चांगल्या हाताने करू लागतो, आणि दुबळ्या हातात थोडी हालचाल परत आली तरी तो न वापरण्याची सवय कायम राहते. एडवर्ड टाउब यांनी यावर विकसित केलेल्या उपचारात चांगला हात दिवसाचा बराचसा जागता वेळ हातमोज्यात बांधून ठेवतात आणि दुबळ्या हाताकडून कसून सराव करून घेतात. या उपचाराची एक बाजू फारशी बोलली जात नाही: त्यात रुग्णाबरोबर लेखी करार असतो, रोजची नोंदवही असते, आणि खोलीत शिकलेले घरच्या कामांत उतरावे यासाठी रोज चर्चा असते. हाताला बांधलेला मोजा लोकांच्या लक्षात राहतो. करार आणि नोंदवही यांच्यामागचा विचार मात्र कोणत्याही आजारात उपयोगी पडेल असा आहे.

घरच्यांबद्दल थोडेसेच सांगायचे आहे. प्रेमाने पाणी हातात आणून देणारा मुलगा आईचा उठण्याचा व्यायाम काढून घेत असतो, आणि दर तासाला ‘केलेस का?’ विचारणारा मुलगा घरात पहारेकरी होतो. ‘मीही तुझ्याबरोबर करतो’ म्हणणारा बहुतेक वेळा अधिक उपयोगी ठरतो. फोनवरची ॲप आणि आठवणीचे घंटानादही कामाचे आहेत, पण ते आठवण करून देतात. अडचण ऐकून घेत नाहीत, म्हणून केवळ त्यांच्या भरवशावर राहू नये.

दोन आठवड्यांनी त्या बाई पुन्हा त्याच खुर्चीत बसल्या. या वेळी त्यांच्या कागदावर दोनच व्यायाम होते आणि खाली पेन्सिलीने काढलेले चौकोन. थेरपिस्टने विचारले, “काकू, काय अवघड गेले?” त्या म्हणाल्या, “सकाळचे रोज केले. संध्याकाळचे चार दिवस राहिले, तेव्हा सूज असते, पाय उचलतच नाही. आणि पाच पायऱ्या चढले, पण उतरताना भीती वाटली म्हणून परत गेले नाही.” थेरपिस्टने संध्याकाळचा व्यायाम दुपारी हलवला, सुजेसाठी पाय उंच ठेवायची वेळ ठरवून दिली, आणि उरलेला वेळ दोघांनी उतरण्याच्या सरावाला दिला: कठड्याला हात, आधी ऑपरेशन झालेला पाय खाली, मग दुसरा.